कोपऱ्याचे तोंड : ओट्याखालच्या सरकत्या खणाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

स्वयंपाकघरातील इंग्रजी एल आकाराच्या ओट्याचा कोपरा आज पूर्ण रिकामा केला. आमची इमारत १९९८ सालची असून ओटा जुन्या पद्धतीचा, म्हणजे उभ्या कडाप्प्याच्या फरशांवर वर ग्रॅनाईट टाकून केलेला आहे. बाकीच्या कप्प्यांत दहा वर्षांपूर्वी स्टीलच्या ट्रॉल्या बसल्या. मात्र हा कोपरा त्या वेळी ‘इथे काही बसत नाही’ असे सांगून सोडून देण्यात आला आणि तेव्हापासून घरातली जी वस्तू वर्षातून एकदा लागते ती या अंधारात ढकलली जात आली.

बाहेर निघालेल्या वस्तूंची यादी करून ठेवते, कारण पुढचे प्रत्येक माप या यादीवरून ठरणार आहे : पुरणयंत्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या व त्याच्या ताटल्या, इडलीपात्र, बिडाचे दोन तवे, लोखंडी खलबत्ता, पितळी पातेली तीन, अठरा इंचांची परात, सात लिटरचा जुना कुकर, आणि मालक न सापडलेली अकरा झाकणे. सर्वांत मागे, भिंतीला टेकून, एक न वापरलेली चाळणी निघाली. ‘मी दोन वर्षं शोधत्येय ती,’ असे सासूबाई म्हणाल्या, आणि हा प्रकल्प हाती घेण्यामागचे कारण याहून वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यांचे गुडघे दुखतात. जमिनीवर बसून, एक हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपणे त्यांना आता शक्य नाही.

कडाप्प्याच्या आतल्या बाजूस कुणा पाथरवटाने खडूने लिहिलेला ‘२४’ हा आकडा अजून स्वच्छ वाचता येतो. ओट्याची खोली २४ इंच, एवढाच त्याचा अर्थ असावा. पुसला नाही.

११ जानेवारी, शनिवार

मापे घेतली. उजव्या उभ्या कडाप्प्यापासून डावीकडच्या भिंतीपर्यंत आतली लांबी १०२० मिमी, खोली ५५० मिमी आणि उंची ६४० मिमी आहे. म्हणजे जागा भरपूर आहे. पण या जागेत शिरण्याचे तोंड, म्हणजे उजवा कडाप्पा आणि ओट्याच्या दुसऱ्या हाताखालची आडवी आलेली फरशी यांच्यामधले अंतर, वर ४६३, मध्ये ४६० आणि खाली ४५६ मिमी भरले. फरशी ओळंब्यात, म्हणजे बरोबर उभ्या रेषेत, नाही हे उघड आहे. अशा ठिकाणी सरासरी काढून उपयोग नसतो. सर्वांत लहान माप हेच खरे माप धरायचे.

मागच्या भिंतीलगत, जमिनीपासून साधारण हातभर उंचीवरून, सिंकचा सांडपाण्याचा पाइप गेला आहे. त्याला हात लावायचा नाही असे ठरवले; गळती झाल्यास प्लंबरला तिथे पोहोचता आले पाहिजे. पाइपासाठी ६० मिमी सोडले की खोली ४९० मिमी उरते.

कडाप्प्यात थेट स्क्रू बसत नाही आणि छिद्र पाडताना कड उडण्याची भीती असते, म्हणून तोंडाला आतून १८ मिमी प्लायवूडची चौकट लावावी लागेल. दोन्ही बाजू मिळून ३६ मिमी गेले. ४५६ मधून ३६ वजा जाता तोंड राहिले ४२० मिमी. बाजारात या कामासाठी ‘मॅजिक कॉर्नर’ नावाने तयार संच मिळतात, त्यांतील जे मी दुकानात पाहिले त्यांना किमान ४५० मिमीचे दार लागत होते. तो मार्ग अर्थातच बंद झाला.

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर कागदावर काम केले. साध्या ट्रॉलीने हा प्रश्न सुटत नाही, कारण तोंडासमोर येणारी ट्रॉली ओढून बाहेर काढली तरी डावीकडच्या आंधळ्या, म्हणजे तोंडातून न दिसणाऱ्या, भागातला माल जागचा हलत नाही. आणि तो उजवीकडे सरकवण्याची सोय केली, तरी समोर ओढलेली ट्रॉली त्याची वाट अडवून उभी राहते. तेव्हा समोरची वस्तू पुढे नव्हे तर बाजूला गेली पाहिजे. शेवटी ठरलेली रचना अशी आहे.

दाराच्याच आतल्या अंगाला एक उथळ मांडणी राहील, ती दाराबरोबर उजवीकडे पूर्ण उघडून बाजूला जाईल. आंधळ्या भागात एक आडवी सरकती फळी राहील, जी दार उघडल्यावर डावीकडून उजवीकडे सरकून तोंडासमोर येईल. त्या फळीवर दुमजली खण राहील आणि तो आपल्याकडे ओढता येईल. क्रम तीन हालचालींचा : दार, फळी, खण. ठेवताना हाच क्रम उलटा.

यात तोंडामागची, मांडणी सोडून उरलेली जागा कायमची रिकामी ठेवावी लागते, हे घरातल्यांना पटवणे अवघड गेले. लहानपणी खेळायचो त्या सरकत्या अंकांच्या चौकोनात एक घर मोकळे नसेल तर एकही अंक हलत नाही, तसेच हे आहे. सासूबाईंना ते पटले, पण ‘म्हणजे तिथे निदान सतेली ठेवता येईल ना?’ हा प्रश्न त्यांनी तरीही विचारून घेतला.

वजाबाकी मात्र निराश करणारी आहे. फळीवरील खणाची चौकट बाहेरून ३९० मिमी, म्हणजे तोंडात दोन्हीकडे १५ मिमी मोकळे. तीतून १८ मिमीच्या दोन उभ्या पट्ट्या गेल्या, राहिले ३५४. टेलिस्कोपिक चॅनेलला, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्टीला, प्रत्येक बाजूस १२.७ मिमी लागतात. दोन्हींचे थोड्या सैलपणासह २६ धरले, राहिले ३२८. खणाच्या १२ मिमीच्या दोन भिंती गेल्या, राहिले ३०४. हजार मिमी लांबीच्या कोपऱ्यात वस्तू ठेवायला रुंदी मिळाली ती एक फुटाची. यादीवर पुन्हा नजर टाकली : पुरणयंत्र बसते, मोदकपात्र बसते, कुकर आडवा करून बसतो, परात कोणत्याही प्रकारे बसत नाही. परातीची सोय माळ्यावर करावी लागेल.

१८ जानेवारी, शनिवार

टिंबर मार्केटमध्ये जाऊन सामान आणले. प्लायवूड आयएस ७१० या भारतीय मानकाच्या दर्जाचे, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात, ते घेतले. ओट्याखाली पाइप आहे आणि आमच्या इमारतीत पावसाळ्यात भिंत ओलसर होते, त्यामुळे साध्या, आयएस ३०३ दर्जाच्या प्लायवर पैसे वाचवण्याचा मोह टाळला. १८ मिमीचा अर्धा तक्ता, १२ मिमीचा अर्धा तक्ता, ५०० मिमी आणि ४०० मिमीच्या चॅनेलची एकेक जोडी, ६०० मिमीची पियानो बिजागरी (सलग, लांब पट्टीची), स्क्रू, गोंद आणि कडांसाठी पट्टी.

दुकानातल्या यंत्रावर तुकडे कापून घेतले. मापांचा कागद मिमीमध्ये लिहून दिला होता. कापणाऱ्याने तो मनातल्या मनात इंच-सुतात केला आणि पात्याची जाडी धरायची राहून गेली, परिणामी चार तुकडे तीन-तीन मिमीने कमी भरले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, भिंतीतल्या कपाटाला हा फरक कळतही नाही, पण चॅनेलच्या कामात पुरा एक सूत म्हणजे खण एक तर अडकतो नाही तर खुळखुळतो. दोन तुकडे पुन्हा कापून घेतले, उरलेले दोन चौकटीच्या मागच्या बाजूला वापरता येतील.

१९ जानेवारी, रविवार

चौकट बसवली. आमच्या ओळखीचे एक वयस्क सुतारकाका अर्धा दिवस मदतीला आले. कडाप्पा तिरका असल्याने चौकट त्याच्याशी समांतर न लावता, गुण्यात (काटकोनात) आणि ओळंब्यात उभी करून, मधली फट सनमायकाच्या कापलेल्या पट्ट्या भरून बुजवली. खाली पट्टी लागली नाही, वर लागल्या सात. ‘दगडाचं ऐकायचं नाही वहिनी, ओळंब्याचं ऐकायचं,’ हे काकांचे म्हणणे मी जसेच्या तसे उतरवून ठेवत आहे.

जमिनीवर १८ मिमीचा तळफलक टाकून तो पाणसळीने, म्हणजे सपाटी पाहण्याच्या साधनाने, तपासला. जमिनीला मागच्या बाजूस उतार आहे, तिथे प्लायचे तुकडे दिले. हा तळ पाणसळीत नसता तर फळी आपोआप मागे किंवा पुढे घरंगळत राहिली असती.

२६ जानेवारी, रविवार

सरकती फळी आज तयार झाली. आंधळ्या भागात, तळफलकावर, पुढे व मागे अशा ७० मिमी उंचीच्या दोन उभ्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्या आतल्या अंगांना ५०० मिमीच्या चॅनेलची जोडी लावली. वरची फळी ५०० मिमी लांब आहे; तिच्या उजव्या ३९० मिमीवर खण बसेल आणि डावीकडे उरणाऱ्या ११० मिमीच्या पट्टीवर सोऱ्याच्या ताटल्या व मोदकपात्राच्या जाळ्या उभ्या राहतील. खण पुढे ओढला की त्याच्या जागेतून हात घालून त्या काढता येतात. भिंतीशी शेवटचे ७५ मिमी तेवढे वाया गेले. ते जाऊ दिले.

चॅनेल उभ्या पट्टीला बाजूनेच का लावायचे, आडवे झोपवून का नाही, असे काकांनी विचारले, कारण तसे केल्याने उंची वाचली असती. ही चॅनेले भार उभ्या अंगावर घेण्यासाठी बनवलेली असतात; झोपवून लावल्यास पत्रा लवतो, गोळ्यांवर तिरका दाब येतो आणि पाकिटावर छापलेली जोडीची ४५ किलोची क्षमता मग खरी राहत नाही.

दोन्ही चॅनेल एकमेकांस समांतर असणे ही या कामातील एकमेव खरी कसोटी आहे. पुढच्या आणि मागच्या टोकाला अंतर मोजले तेव्हा दीड मिमीचा फरक होता, आणि फळी शेवटच्या वीतभर अंतरात अडखळत होती. मागच्या चॅनेलचे स्क्रू सैल केले, जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा दुमडून पट्टीमागे सरकवला, पुन्हा आवळले. त्यानंतर फळी एका बोटाने सरकली. सर्व स्क्रूंसाठी अडीच मिमीची छिद्रे आधी पाडून घेतली होती, कारण प्लायच्या कडेत साडेतीन मिमीचा स्क्रू तसाच पिळला तर पदर सुटतात.

२ फेब्रुवारी, रविवार

खण जोडला. गोंद लावून आवळपट्ट्यांमध्ये चोवीस तास ठेवला होता, सांधे घट्ट आहेत. आतून ३०४ गुणिले ३८६ मिमी, खालच्या मजल्याची मोकळी उंची २७० मिमी, म्हणजे पुरणयंत्र हँडलसह उभे राहते.

वजनाची चाचणी पाण्याने घेतली. पाच लिटरचे चार कॅन भरले की बरोबर वीस किलो होतात, आणि काही सांडलेच तर फरशी पुसता येते. फळी आत असताना काहीही झाले नाही. फळी उजवीकडे ओढल्यावर तिचे टोक किंचित झुकले. त्यानंतर खण पुढे ओढताच उजवा पुढचा कोपरा ६ मिमी खाली आला आणि खणाची पुढची कड दुसऱ्या बाजूने वर उचलली गेली. हात लावल्यावर तो डुगडुगत होता.

कारण समजायला वेळ लागला नाही. फळी चॅनेलच्या टोकाशी लोंबकळत असते आणि तिच्यावरून खण आणखी पुढे लोंबकळतो. म्हणजे एका फांदीच्या टोकाला दुसरी फांदी आणि तिच्या टोकाला वीस किलो. चॅनेल अधिक भारी घेतल्याने झोक कमी होईल, नाहीसा होणार नाही. रात्री जेवताना यावर चर्चा झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, खाटेला चार पाय असतात, तुझ्या फळीला एकही नाही.’

९ फेब्रुवारी, रविवार

फळीला पाय दिला. उजव्या पुढच्या कोपऱ्याखाली नायलॉनचे एक छोटे चाक, फक्त डावी-उजवीकडे फिरणारे, प्लायच्या ठोकळ्यावर बसवले. ठोकळ्याची जाडी पॉलिश पेपरने घासत घासत इतकी आणली की रिकामी फळी असताना चाक तळफलकाला जेमतेम टेकते. चाक अधिक उंच झाले असते तर फळी चॅनेलमधून वर उचलली गेली असती आणि तो ताण गोळ्यांना सोसला नसता.

वीस किलो ठेवून पुन्हा चाचणी घेतली. झोक एक मिमीहून कमी. खण पूर्ण बाहेर असतानाही डुगडुगत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या चुकीचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहिते.

दाराची मांडणी गेल्या आठवड्यातच जोडून ठेवली होती : १२ मिमी प्लाय, तीन कप्पे, खोली २०० मिमी, बिजागरीच्या पिनेपासून लांबच्या कडेपर्यंत ३९० मिमी. तोंड ४२० मिमीचे असल्याने ३० मिमीची मोकळीक आहे असे मी गृहीत धरले होते. पियानो बिजागरीचे सगळे स्क्रू लावले, दार मिटवायला गेले, आणि पूर्ण मिटण्याआधीच मांडणी डावीकडच्या चौकटीला धडकून थांबली. जोर लावला नाही. बिजागरी वाकडी बसली असावी म्हणून ती तपासली, ती सरळ होती. मग चौकट तपासली, तीही ओळंब्यातच होती.

चहा घेताना उलगडा झाला. फिरणाऱ्या वस्तूला तिची रुंदी नव्हे तर तिचा कर्ण अडवतो. मांडणीचा मागचा डावा कोपरा पिनेभोवती वर्तुळात फिरतो आणि त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे ३९० आणि २०० या दोन बाजूंचा कर्ण. ३९० चा वर्ग १,५२,१००, २०० चा वर्ग ४०,०००; बेरीज १,९२,१००; वर्गमूळ सुमारे ४३८. तोंड ४२०. अठरा मिमीने ती कधीच आत जाणार नव्हती. सरकत्या फळीची पुठ्ठ्याची प्रतिकृती मी आवर्जून करून पाहिली होती. दार ही सोपी गोष्ट समजून तिची केली नाही. आठवीच्या भूमितीत असलेल्या माझ्या मुलीने हा हिशेब वहीत एकदा तपासून खाली ‘बरोबर’ असे लिहिले, हे त्यातल्या त्यात क्लेशदायक.

नवी मांडणी करण्याइतके प्लाय उरले नव्हते. पर्याय म्हणून मागचा डावा कोपरा दोन्ही बाजूंनी ६० मिमी मोजून तिरका छाटायचे ठरवले. छाटल्यानंतर दोन नवे कोपरे तयार होतात : एक पिनेपासून ३९० व १४० मिमीवर, त्याचा कर्ण सुमारे ४१४, दुसरा ३३० व २०० मिमीवर, त्याचा कर्ण सुमारे ३८६. दोन्ही ४२० च्या आत. या वेळी आधी पुठ्ठा कापला, दाराला चिकटवला, चार वेळा उघडझाप केली आणि मगच करवत हातात घेतली.

कप्प्यांच्या फळ्या छाटणे सोपे गेले. डावी उभी बाजू मात्र काढून, तिची रुंदी कमी करून, तिरक्या भागाला नवी अरुंद पट्टी द्यावी लागली. संध्याकाळी सात वाजता दार मिटले. मिटताना डावीकडे सहा मिमीची फट राहते आणि त्यातून पोस्टकार्ड सहज फिरते. छाटलेल्या कोपऱ्यामुळे गमावले ते तेलाच्या एका बाटलीइतकी जागा, कप्प्यागणिक एक.

२३ फेब्रुवारी, रविवार

सनमायका, कडपट्ट्या आणि कॅच. फळी आत असताना आपोआप सरकू नये म्हणून डावीकडे चुंबकी कॅच लावला, तसाच एक खणाला. दार पूर्ण उघडले की शेजारच्या ट्रॉलीच्या हँडलवर आपटत होते, तिथे रबरी बटण चिकटवले.

दुपारी पाहुणे असताना कुणीतरी फळी बाहेर असतानाच दार लावून घेतले. मांडणीच्या खालच्या कप्प्याची पुढची पट्टी खणावर आदळून तिचा सनमायका नखभर उडाला. दोष लावणाऱ्याचा नाही. तीन हालचालींचा क्रम ज्याला ठाऊक नाही त्याला दार हे फक्त दारच दिसणार. फळीच्या पुढच्या कडेला, खणाच्याही पुढे येईल असा रबराचा ठोकळा लावला, त्यामुळे आता फळी बाहेर असेल तर दार मऊ धक्क्याने अर्ध्यावर थांबते. मुलीने दार, फळी आणि खण यांवर मराठीत १, २, ३ असे आकडे रंगवले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हे आकडे न पाहता तिन्ही हालचाली केल्या आणि ठेवताना मात्र तीनच्या आधी दोन केले. खण चौकटीला अडकला, त्यांनी तो स्वतःच आत ढकलला आणि माझ्याकडे न बघता फळी आत सारली.

१३ मार्च, गुरुवार, होळी

सकाळी सासूबाई स्टुलावर बसल्या, दार उघडले, फळी ओढली, खण ओढला आणि पुरणयंत्र काढून ओट्यावर ठेवले. घड्याळ लावून पाहिले नाही, पण डाळीचा कुकर थंड होईपर्यंत यंत्र धुऊन पुसून तयार होते. संध्याकाळी ते पुन्हा खणात गेले तेव्हा त्याच्या तळाशी पुरणाचा एक चिकट ठिपका राहिला होता, तो खणाच्या सनमायकावरून ओल्या फडक्याने निघाला. साधा प्लाय ठेवला असता तर निघाला नसता.

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. चाकाने तळफलकावर फिकट रेघ उमटवली आहे आणि रेघेच्या मध्यभागी, जिथे प्लायचा जोड आहे, तिथे चाक दरवेळी किंचित ठेचकाळते. सनमायकाचा दोन बोटे रुंद उरलेला तुकडा आहे. तो रेघेवर चिकटवला की तळ तिथे एक मिमीने वर येईल, म्हणून चाकाखालचा ठोकळा तेवढाच घासावा लागेल. पाडव्याला भांडी बाहेर निघतील, त्या दिवशी करेन.